वजनमावशींचा पाठमोरा काटा

गावातली दुखणी डॉक्टरांना ठाऊक होती, अंगाची मापं शिंपीणबाईंना ठाऊक होती. पण गावाची वजनं ठाऊक असलेली व्यक्ती एकच होती. विमानतळावरच्या वजनमावशी. आणि त्या कुणाला सांगत नसत. एकवीस वर्षांत एकाही माणसाचं वजन त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. त्यांची नणंद त्यांच्याच घरात राहायची. शिंपीणबाईंचं वजन काढून घेण्यासाठी तिने गोडीगुलाबी केली, रुसून पाहिलं, एकदा तर खोटा ताप आणून पाहिला. शेवटी तिनेही हात टेकले.

विमानतळ हा शब्द जरा मोठाच झाला. पत्र्याची एक लांबट शेड, तिकिटाची एक खिडकी, दोन बाकं, भिंतीवर काचेचा थर्मामीटर आणि मधोमध काटा. हा काटा एका बंद पडलेल्या धान्याच्या गोदामातून आणलेला. खाली माणूस ऐसपैस उभा राहील असा लोखंडी चौथरा आणि वर भिंतीवरच्या घड्याळाएवढी गोल तबकडी. आलेल्या प्रत्येकाने पिशवीसकट, पेटीसकट त्याच्यावर उभं राहायचं. मोठ्या विमानांत कोण किती जाड हे कुणी विचारत नाही. पण हे विमान एकोणीस खुर्च्यांचं, धावपट्टी आखूड आणि पट्टी संपली की समोर टेकडी. त्या टेकडीवरून विमान जाणार की टेकडीकडे जाणार, हे काट्यावर ठरायचं.

कंपनीचे मालक मूळचे बसवाले. घाटातून सहा तास हाडं खिळखिळी करणाऱ्या त्यांच्या बसगाड्या होत्या आणि मावशी तेव्हा बसस्टँडच्या खिडकीत तिकिटं फाडायच्या. एक दिवस मालकांनी दोन बस विकल्या आणि नऊ खुर्च्यांचं एक जुनं विमान घेतलं. गाव हसलं. मालकांनी मनावर घेतलं नाही. त्यांनी विमानही बससारखंच चालवलं. तिकीट खिडकीवर, येईल त्याला, येईल त्या क्रमाने. आत खाणं नाही, मासिकं नाहीत, हात जोडून स्वागत नाही. दार कप्तान स्वतः ओढून लावणार. विमान उतरलं की अठरा मिनिटांत पुन्हा वर. "उभं विमान म्हणजे भर बाजारात कुलूप लावून बसलेलं दुकान," असं ते म्हणत आणि कुणी विमानाजवळ गप्पा मारताना दिसलं की घड्याळ दाखवत. मोठ्या कंपन्यांनी नाक मुरडलेली गावंच त्यांनी निवडली आणि पुढची विमानं सगळी एकाच जातीची घेतली. म्हणजे याचं चाक त्याला बसतं आणि एका मिस्त्रीला सगळ्यांची नाडी कळते. एकाची दोन झाली, दोनाची चार; आता सात विमानं होती आणि अकरा गावं.

त्या सगळ्या वाढीत आपला वाटा आहे असं मावशींनी कधी म्हटलं नाही. पण तो होता.

पहिल्या वर्षी काट्यावर एक कारकून असायचा. आवाज खणखणीत. तबकडी वाचायची आणि ओरडून सांगायचं, तिकडे दुसऱ्याने लिहून घ्यायचं, अशी पद्धत. एका सोमवारी कन्याशाळेच्या हेडबाई काट्यावर चढल्या आणि कारकून गरजला, "ब्याण्णव!" बाकावर हेडबाईंच्या शाळेतल्या चौघी शिक्षिका बसल्या होत्या. हेडबाई खाली उतरल्या, छत्री उचलली आणि तडक बसस्टँडवर गेल्या. पुढचं वर्षभर त्या सहा तासांच्या बसनेच गेल्या. त्यांच्यामागे शाळेतल्या सगळ्याजणी, त्यांच्यामागे त्यांच्या बहिणी, भावजया, शेजारणी. नऊ खुर्च्यांत रोज चार पुरुष दिसू लागले.

मालक डोक्याला हात लावून बसले, तेव्हा विमानाच्या तिकीटखिडकीतून मावशी म्हणाल्या, "काटा फिरवा."

"म्हणजे?"

"तबकडीचं तोंड भिंतीकडे करा. मी मागे उभी राहीन. मी बघेन, चिठ्ठीवर लिहीन, घडी घालीन. चिठ्ठी कप्तानांनी उघडायची, बेरीज करायची आणि मला परत द्यायची. चढणाऱ्यालासुद्धा आपलं वजन कळायचं नाही."

"स्वतःचं वजन स्वतःला कळू नये?"

"मालक, मुख्य म्हणजे स्वतःला."

काटा फिरला. कारकून पार्सलच्या खोलीत गेला. तिथे तो पार्सलांची वजनं ओरडू लागला आणि पार्सलांची तक्रार नव्हती. महिन्याभरात हेडबाई परत आल्या. मालकांनी पुढे प्रत्येक नव्या गावात पाठमोराच काटा बसवला. चिठ्ठ्यांचं मावशींनी एक व्रतच करून टाकलं. कप्तान बेरीज करून आपल्या कागदावर 'मर्यादेत' एवढा एकच शब्द लिहायचे आणि चिठ्ठ्या परत करायचे. विमान टेकडीपलीकडे गेलं की मावशी चिठ्ठ्यांचे बारीक तुकडे करायच्या आणि पाण्याच्या बादलीत बुडवायच्या. शाई सुटून पाणी निळं होईपर्यंत हलवायच्या. ते निळं पाणी शेडमागच्या जास्वंदीला घालायच्या. त्या झाडाला गावाचं सगळं माहीत आहे, असं नणंद म्हणायची आणि येता-जाता त्याच्याकडे संशयाने बघायची.

घोडं अडलं ते फार पुढे. कंपनी वाढली तशी मोठी गावं मिळाली आणि मोठ्या गावांना सकाळची वेळ हवी होती. एक विमान दिवसाला सहा फेऱ्या करणार, म्हणजे कुणाला तरी भर दुपार येणारच. सगळ्यात जुनं गाव हेच, आणि समजूतदार म्हणून त्याला दुपारी पावणेएकची वेळ मिळाली. आता दुपारची तापलेली हवा पातळ होते. विमानाच्या पंखांना टेकायला हवा तेवढा आधार मिळत नाही. सकाळच्या गार हवेत जे विमान एकोणीसजणांना घेऊन टेकडी ओलांडायचं, तेच दुपारी तेरा-चौदाजणांत धापा टाकायचं. मावशी थर्मामीटर बघायच्या, कप्तानांनी दिलेल्या तक्त्यात त्या तापमानासमोरचा आकडा बघायच्या आणि तेवढं वजन भरलं की खिडकी बंद करायच्या. "उद्या या हं." पाच-सहाजण रोज परत जायचे. त्यांना तिकीटच दिलेलं नसायचं, त्यामुळे ते कुठल्याच कागदावर नसायचे.

मुख्य कचेरीत मात्र एकच कागद जायचा: खुर्च्या एकोणीस, भरलेल्या तेरा. भरलेल्या चौदा. भरलेल्या तेरा. सलग पाच वर्षं.

आणि एका बुधवारी पावणेएकच्या विमानातून टायसाहेब उतरले. हे कंपनीचे नवे व्यवस्थापक. पूर्वी बिस्किटांच्या कारखान्यात होते. मालकांचे गुडघे धरल्यापासून फिरतीची कामं त्यांच्याकडे आली होती. बिचारे सभ्य होते, फक्त उन्हातही टाय सोडत नसत. त्यांनी शेड पाहिली, जास्वंद पाहिली, काट्याची पाठ पाहिली आणि बाकावर बसून कागद काढले.

"मावशी, सरळच सांगतो. पुढच्या महिन्यापासून हे स्टेशन बंद करायचं चाललंय. रोज पाच-सहा खुर्च्या रिकाम्या. लोकांना विमान नकोय."

मावशींच्या हातातलं पेन थांबलं. "लोकांना नको? अहो, लोक रोज परत जातात. जागा असते, पण वजन संपतं."

"मला कप्तानही तसंच म्हणाले. पण मला कागद हवा. वजनांची नोंद दाखवा. फक्त गेल्या महिन्याची."

मावशींनी पेनाला टोपण लावलं.

"चिठ्ठ्या असतील ना?"

"होत्या."

"कुठे आहेत?"

मावशींनी दाराबाहेर बोट दाखवलं. टायसाहेब बाहेर जाऊन आले. "तिथे तर नुसतं झाड आहे."

"तेच," मावशी म्हणाल्या.

एकवीस वर्षं ज्या गुप्ततेने विमान भरलं, तिनेच आता ते रिकामं ठरवलं होतं. आपल्याच हाताने आपण पुरावा रोज बुडवत आलो, हे कळल्यावर मावशींना आधी हसू आलं आणि मग पुढचं दिसू लागलं. स्टेशन गेलं म्हणजे गावाला पुन्हा सहा तासांचा घाट. डोळ्यांच्या दवाखान्याला, परीक्षेला, लेकीच्या बाळंतपणाला. आणि मावशींना? घरी बसून नणंदेशी गप्पा.

"उद्या दुपारच्या विमानाने मी जाणार," टायसाहेब म्हणाले. "तोवर काही कागद झाला तर बघा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

संध्याकाळी चहा पुढ्यात ठेवून मावशी कोरा कागद घेऊन बसल्या. त्यांना सगळं पाठ होतं. मागच्या महिन्यातला कुठलाही वार सांगा, कोण कितव्या नंबरवर चढलं आणि काटा कुठे थांबला, हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. त्यांनी पहिलं नाव लिहिलं. त्याच्यापुढे आकडा लिहायला पेन टेकवलं. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नणंद चष्मा शोधत होती.

"वन्सं, तुमचा चष्मा तुमच्या नाकावर आहे."

"हो का? मग जवळ येऊन बसते. काय लिहितेस गं, वहिनी?"

"नोकरी जाईल की राहील, ते."

"मग लिही की. मोठ्या अक्षरात लिही. शिंपीणबाई कितव्या ओळीत येतात?"

मावशींनी नणंदेकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग कागदाचे चार, आठ, सोळा तुकडे केले आणि चहाच्या कपात टाकले.

"अगं, निदान चहा तरी प्यायचास आधी!" नणंद कळवळली. थोडा वेळ ती कपात बघत बसली. मग नेहमीपेक्षा हळू म्हणाली, "म्हणजे स्टेशन जाऊ देणार तू. पण सांगणार नाहीस."

"लोक माझ्यासमोर विश्वासाने चढतात, वन्सं. आता स्टेशन जातंय म्हणून मागच्या एकवीस वर्षांकडे पाठ फिरवू?"

नणंदेने आणखी काही न विचारता कप उचलून मोरीत ओतला. आयुष्यात पहिल्यांदाच.

गुरुवारी शेडमध्ये एकोणीसजण रांगेत होते. विसावे टायसाहेब, कंपनीचे असले तरी रांग मालकांनासुद्धा चुकली नव्हती. सहाव्या नंबरवर नणंद होती, डोळे तपासून घ्यायला निघालेली. सातव्या नंबरवर शिंपीणबाई, अस्तराचं कापड आणायला निघालेल्या. दोघी एकमेकींकडे गोड हसत होत्या. दोघींचंही वजन, दोघींच्याच सांगण्यावरून, गेली पंधरा वर्षं बासष्ट होतं.

थर्मामीटर बघून मावशींनी तक्त्यात बोट ठेवलं: तेराशे पन्नास किलो. एकेकजण चढला, उतरला, चिठ्ठ्यांच्या घड्या पडल्या. चौदावा माणूस उतरल्यावर मावशींनी मनातल्या मनात बेरीज केली आणि मान वर केली.

"झालं. बाकीचे उद्या या हं."

रांगेतले पाचजण सवयीने पिशव्या उचलू लागले. टायसाहेब मात्र पुढे आले. "मावशी, मला आज पोचायलाच हवं. पाच खुर्च्या मोकळ्या आहेत. मला इथून दिसताहेत."

"खुर्च्या आहेत हो. हवा नाहीये."

"हे तुम्ही म्हणता. मला चिठ्ठ्या दाखवा."

"नाही."

"अहो, स्टेशनचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर नाही म्हणताना इतकं जड जातंय," मावशी म्हणाल्या. "एकूण बेरीज सांगते. एकेकाचं सांगणार नाही."

"बेरजेवर मी विश्वास कसा ठेवू?"

तेव्हा सहाव्या नंबरवरून आवाज आला, "चौऱ्याऐंशी!"

साऱ्या रांगेने माना वळवल्या. नणंद पर्स छातीशी धरून उभी होती, चेहरा लालबुंद.

"वन्सं!"

"तू गप्प बस, वहिनी. तू सांगितलं नाहीस, मी सांगतेय. माझं वजन माझ्या मालकीचं आहे." ती पुन्हा काट्यावर चढली. "साहेब, मागे जाऊन बघा. चौऱ्याऐंशी आहे ना? घाटापलीकडच्या दवाखान्यात झालंय माझं वजन. हातातल्या पर्सचं एखादं किलो धरा आणि लिहून घ्या."

टायसाहेब भिंतीच्या आणि तबकडीच्या मधल्या सापटीत शिरले, टाय अडकला, तो सोडवला आणि आत गेले. "पंच्याऐंशी," ते आतून दबक्या आवाजात म्हणाले.

"मोठ्याने सांगा! आता काय लपवायचंय!"

शिंपीणबाईंनी एक क्षण छताकडे पाहिलं. पंधरा वर्षांची चुरस अशी एका वाक्यात जिंकली होती. कुणी दुसरी असती तर हसली असती. त्या मुकाट्याने चौथऱ्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "मला मात्र मोठ्याने वाचू नका. तुम्ही लिहा, घडी घाला, बेरजेत धरा. कागद परत मावशींना द्या."

"हे चालेल ना, मावशी?" टायसाहेबांनी सापटीतून डोकं काढून विचारलं.

"त्यांची त्यांना हरकत नाही, तर मला कसली?"

मग बाकीचे बाराजण चढले. कुणी आकडा मोठ्याने वाचायला लावला, कुणी घडी घालायला लावली. निवृत्त हेडबाई नवव्या होत्या, त्यांनी छत्री बाजूला ठेवून साऱ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात "आता शहाऐंशी आहे, चाला रोज!" असं बजावलं. कप्तान दारात येऊन घड्याळ बघत होते. अठरा मिनिटं कधीच उलटली होती आणि कंपनीच्या इतिहासात उभ्या विमानाबद्दल प्रथमच कुणी कुरकुर करत नव्हतं.

टायसाहेबांनी बेरीज केली. पुन्हा केली. "तेराशे अठरा," ते म्हणाले.

"बत्तीस किलो उरतात," मावशी म्हणाल्या. "तुमचं वजन किती?"

टायसाहेबांनी टाय नीट केला. "बहात्तर असेल."

"चढा," नणंद म्हणाली.

ते बॅगेसकट चढले. मावशी काट्यामागे गेल्या, पाहिलं, चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी कोपऱ्यात जाऊन उघडली. अठ्ठ्याऐंशी. बॅग नऊ किलोची होती, हे त्यांना ठाऊक होतं. उरलेली वजाबाकी त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उमटली.

"बूट जड आहेत," ते पुटपुटले.

"सगळ्यांचेच असतात," मावशी समजुतीने म्हणाल्या आणि चिठ्ठी काढून घेऊन चिमटीत फाडली. कितीचा आकडा होता, ते गावाला आजतागायत कळलेलं नाही.

टायसाहेबांना खाली ठेवून, चौदाजणांना घेऊन विमान गेलं. टेकडीवरून जाताना त्याची चाकं झाडांच्या इतक्या जवळून गेली की टायसाहेबांनी नकळत श्वास रोखला. मर्यादेपेक्षा छप्पन्न किलो जास्त असते तर काय झालं असतं, हे त्यांना कुठल्याही कागदाशिवाय समजलं. ते बराच वेळ धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. मग शेडमध्ये येऊन राहिलेल्या पाचजणांची नावं लिहून घेऊ लागले.

"असे किती लोक असतात रोज?"

"पाच-सहा. सुट्टी लागली की दहा."

"आणि तुम्ही हे पाच वर्षांत कुणाला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. दर वर्षी पत्र लिहिलं मुख्य कचेरीला. 'आमची सकाळ परत द्या.' उत्तर यायचं, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.'"

टायसाहेब खाली बघू लागले. शेवटचं उत्तर त्यांच्याच सहीचं होतं.

त्यांनी मालकांना फोन लावला. पलीकडून मालकांचा आवाज शेडभर ऐकू आला. गुडघे गेले तरी आवाज बसच्या हॉर्नसारखाच राहिला होता. "अहो, दुपारी एकोणीस खुर्च्यांतल्या पाच रिकाम्या उडवण्यापेक्षा सकाळी एकोणीस भरून उडवा! त्या किनाऱ्यावरच्या गावाला द्या दुपारची. तिथे पट्टी लांब आहे, टेकडी नाही, समोर नुसतं पाणी. एवढं माझ्या लक्षात कसं आलं नाही? आणि मावशींना फोन द्या." मग जरा आवाज उतरवून, "मावशी, तुम्ही माझ्याकडे थेट का आला नाहीत?"

"तुम्ही म्हातारे झालात, मालक."

"आणि तुम्ही?"

"मी कामात होते."

पुढच्या महिन्यापासून विमान सकाळी पावणेसातला सुटू लागलं. पहिल्या दिवशी थर्मामीटर सतरावर होता, तक्त्यात आकडा अठराशे पन्नास. एकोणिसावा माणूस चढला, उतरला आणि मावशींनी सवयीने तोंड उघडलं, "बाकीचे उद्या..." आणि समोर पाहिलं तर बाकी कुणी नव्हतंच. त्या उघड्या तोंडाने क्षणभर तशाच राहिल्या. मग खिडकी बंद करून बाकावर बसल्या आणि पाच वर्षांत पहिल्यांदा, कुणालाही परत न पाठवता, चहा प्यायल्या.

टायसाहेबांनी एक वही पाठवली होती. रोजची फक्त एकूण बेरीज त्यात लिहायची. चिठ्ठ्यांचं मावशींनी पूर्वीसारखं काय करायचं ते करावं. जास्वंदीला निळं पाणी मिळत राहिलं.

वहीची बातमी नणंदेला लागायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात कागद-पेन्सिल घेऊन बसलेली दिसली.

"वहिनी, वहीत एकूण लिहितेस ना?"

"हो."

"म्हणजे एखाद्या दिवशी विमानात मी आणि शिंपीणबाई, दोघीच असलो, तर बेरजेतून माझं वजा केलं की झालं! माझं तर आता सगळ्या गावाला पाठच आहे."

मावशींनी भांडं विसळून पालथं घातलं. "बरोबर आहे, वन्सं."

"मग? कधी असतं रिकामं?"

"रोज एकोणीसच्या एकोणीस भरतात. तीन आठवड्यांनी सुट्ट्या." मावशींनी हात पुसले. "मालक आणखी एक विमान घेताहेत म्हणे. रिकामं जाईल असं काही दिसत नाही."

नणंदेने पेन्सिल खाली ठेवली आणि टायसाहेबांना, मालकांना आणि सकाळच्या गार हवेला एकाच दमात दूषणं दिली.